स्टेनलेस स्टील गंजत नाही, आणि घरच्या बिअरच्या भांड्यांविषयीचे इतर गैरसमज

घरी बिअर बनवायची तर ब्रिटनमध्ये १९६३ पर्यंत परवाना लागायचा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्र सरकारने या छंदाला मोकळीक दिली, पण अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तो मान्य करायला २०१३ साल उजाडले. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख मुख्यतः समुद्रापलीकडच्या मराठी मंडळींसाठी. त्यांच्या गॅरेजात किंवा तळघरात तीस-चाळीस लिटरचे पातेले, निमुळत्या बुडाचा फर्मेंटर आणि दोन-चार केग हौसेने मांडलेले असतात.

या सरंजामातला महागाचा भाग स्टेनलेस स्टीलचा. आणि स्टील म्हटले की आपल्याला कोणी शिकवायला नको, असे मराठी माणसाला वाटतेच. स्टीलच्या डब्यांत आणि ताटवाट्यांतच आपण लहानाचे मोठे झालो. तारेच्या घासणीने खसाखसा घासायचे, डाग राहिला तर लिंबाची फोड फिरवायची, की झाले. स्वयंपाकघरात हे खपून जाते, कारण आमटी उकळून लगेच खाल्ली जाते आणि पातेले दोन तासांत मोरीत जाते. बिअरचे तसे नाही. ती दोन-तीन आठवडे एकाच भांड्यात राहते आणि एकदा उकळून थंड झाल्यावर तिला पुन्हा आच लागत नाही. भांड्याच्या अंगावर जे काही असेल, त्याच्याशी तिची गाठ पडतेच. म्हणून स्वयंपाकघरातून बरोबर आणलेल्या सवयी गॅरेजात शिरताना एकदा तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: स्टेनलेस स्टील गंजत नाही

गंजते. फक्त साध्या लोखंडासारखे बिनविरोध गंजत नाही. लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळले की त्याला स्टेनलेस म्हणतात. आपल्या पातेल्यांचे आणि केगांचे स्टील बहुधा ३०४ या जातीचे असते. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, भांड्याच्या बुडावर १८/८ असा शिक्का दिसतो तो यामुळेच. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर एक थर धरते. थर कसला, काही नॅनोमीटर जाडीची नजरेला न दिसणारी कातडीच ती. खालचे लोखंड तिच्यामुळे सुरक्षित राहते.

ही कातडी दुधावरच्या सायीसारखी आहे. काढली तर पुन्हा धरते, पण त्यासाठी तिला निवांतपणा आणि मोकळी हवा लागते. रंगाचा किंवा कल्हईचा थर खरवडला की खालचा धातू उघडा पडतो तो पडतोच. स्टेनलेस स्टील स्वतःची जखम स्वतः भरून काढते. शेफील्डच्या प्रयोगशाळेत १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलादाचे मिश्रण शोधत होता. क्रोमियम घातलेल्या त्याच्या नमुन्यावर व्हिनेगर आणि लिंबाच्या रसाचाही परिणाम होईना, आणि सुऱ्या-काट्यांच्या धंद्याला नवा धातू मिळाला.

स्टीलची निगा राखायची म्हणजे ही साय जपायची. तिचे शत्रू तीन: क्लोराइड, वरून येऊन चिकटलेले परके लोखंड, आणि घाणीखाली किंवा वॉशरखाली अडकून राहिलेला ओलावा, जिथे हवा पोचतच नाही. पुढचे बहुतेक गैरसमज या तिघांपैकी कुणाला तरी घरात घेतात.

एक शंका इथेच फेडून टाकतो. केगमध्ये बिअर असते तेव्हा आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, मग थर टिकतो कसा? धरलेला थर ऑक्सिजन नाही म्हणून विरून जात नाही. तो फाटला, तर मात्र बुजायला अडचण येते. म्हणून केग भरण्याआधी त्याचा आतला भाग निरोगी असला पाहिजे, नंतर करण्यासारखे फार काही उरत नाही.

गैरसमज: तारेच्या घासणीने घासले की स्टील खरे स्वच्छ होते

चमक येते, हे खरे. पण साध्या लोखंडी तारेची घासणी घासताना झिजते आणि तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात. हे कण क्रोमियमचे नाहीत, त्यामुळे ते गंजतात. चार दिवसांनी भांड्यावर तांबूस ठिपके दिसतात आणि आपण दोष भांड्याला देतो. लोखंडी ब्रशने वेल्ड घासला, लोखंड कापलेल्याच चकतीने स्टील कापले किंवा गॅरेजात शेजारी कोणी लोखंड ग्राइंड केले, तरी हेच होते.

तपासणी सोपी आहे. भांडे साबणाने धुवा, आतून पाण्याने ओले करा, रात्रभर हवेवर वाळू द्या आणि सकाळी विजेरी तिरपी धरून पाहा. परके लोखंड असेल तिथे गंजाचे टिंब उमटलेले असते, घासणी जशी फिरली तशा रेघेत.

स्टेनलेसच्या तारेची घासणी गंज आणत नाही, पण ओरखडे पाडते. ओरखडा म्हणजे जंतूंना बसायला जागा. अन्न आणि दुधाच्या उद्योगात आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा सरासरी ०.८ मायक्रोमीटरच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. तो उगाच नाही. घरी नायलॉनची घासणी किंवा मऊ फडके पुरे. बूड करपले असेल तर सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घाला. भिजवण्याने जे निघते त्यासाठी मनगट वापरू नका.

गैरसमज: जंतू मारायला ब्लीचसारखे दुसरे काही नाही

सगळ्या गैरसमजांत मला याचीच सर्वाधिक धास्ती वाटते. ब्लीच जंतू मारते, स्वस्त आहे, प्रत्येक घरात असते. आणि स्टेनलेस स्टीलला सगळ्यात खोल जखम तेच करते.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि त्याच्याबरोबर क्लोराइड आलेच. क्लोराइड त्या पातळ थरात एखादी कमकुवत जागा शोधते आणि तिथे शिरते. मग त्या बिंदूवर खड्डा पडू लागतो. खड्ड्याच्या आतले पाणी आम्लधर्मी होत जाते, आणखी क्लोराइड आत ओढले जाते आणि ऑक्सिजन आत पोचत नाही. आजूबाजूचे सगळे स्टील धडधाकट असते आणि त्या एका जागी धातू पोखरला जात असतो. वरून पाहावे तर टाचणीच्या टोकाएवढे काळपट टिंब, आत मात्र त्याहून मोठी पोकळी. पातळ पत्र्याच्या भांड्याला असे भोक आरपार पडू शकते. रात्रभर ब्लीचचे पाणी भरून ठेवलेल्या भांड्यात हे खड्डे बहुधा पाण्याच्या वरच्या रेषेपाशी सापडतात, किंवा वॉशरच्या खाली.

पातळ ब्लीच पाच मिनिटे लागले आणि लगेच भरपूर पाण्याने धुतले, तर भांडे काही हातचे जात नाही. घात होतो तो 'रात्रभर राहू दे' म्हणताना. तापमान वाढले की धोका वाढतो. साधारण ६० अंशांच्या वर ताण असलेल्या जागी, म्हणजे वाकवलेल्या कडेला किंवा वेल्डपाशी, ३०४ ला क्लोराइडमुळे तडेही जाऊ शकतात.

दुसरे नुकसान बिअरचे. क्लोरीनचा अंश राहिला तर मॉल्ट आणि यीस्टमधून येणाऱ्या फेनॉलशी त्याची क्रिया होऊन क्लोरोफेनॉल बनतात. अब्जात काही भाग इतके जरी झाले तरी दवाखान्यातल्या पट्टीसारखी चव जिभेला कळते. ती चव जात नाही, बिअर ओतून द्यावी लागते.

तिसरी गोष्ट आरोग्याची. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गॅरेजात तो जिवावर बेतू शकतो. सॅनिटायझर म्हणून विकली जाणारी बरीच द्रावणे आम्लाची असतात, त्यामुळे एकाच बादलीत आधी हे मग ते, असेही करू नका.

मिठाचे गणितही हेच. थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून ते बुडाशी तसेच पडू दिले तर पातेल्याच्या बुडाला पांढुरके खड्डे पडतात, हे अनेक घरांत दिसते. पाणी उकळू लागल्यावर मीठ घालून ढवळले की प्रश्न मिटतो. बिअरसाठी पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात त्याची काहींना भीती वाटते. उकळण्याच्या तास-दीड तासात त्या मात्रेने काही बिघडत नाही, फक्त ते नीट विरघळवा आणि पाणी भांड्यात दिवसेंदिवस साठवू नका. थंड पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड ३०४ ला चालते, असा ठोकताळा आहे. त्याहून खारे पाणी असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा.

गैरसमज: एकदा गंज दिसला म्हणजे भांडे गेले

वरवरचा तांबूस गंज जातो. त्यावर उत्तम उतारा ऑक्झॅलिक आम्लाचा. अमेरिकेत 'बार कीपर्स फ्रेंड' नावाची पावडर मिळते. इंडियानापोलिसमध्ये १८८२ पासून ती बनते आणि तिच्यातला कामाचा घटक ऑक्झॅलिक आम्लच आहे. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या हाती वर्षानुवर्षे असलेल्या 'हाऊ टू ब्रू' या पुस्तकाचा लेखक जॉन पामर पेशाने धातुशास्त्रज्ञ. स्टेनलेसच्या सफाईसाठी तोही ऑक्झॅलिकच्या पावडरीकडेच बोट दाखवतो. ओल्या भांड्यावर पावडर घ्यायची, पॉलिशच्या रेघा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने मऊ फडक्याने फिरवायची आणि भरपूर पाण्याने धुवायचे. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, म्हणून धुण्यात कसूर नको. हातमोजे घाला.

कारखान्यात यापुढची पायरी असते, पॅसिव्हेशन. आम्लाने पृष्ठभागावरचे मोकळे लोखंड विरघळवून टाकायचे, म्हणजे क्रोमियमचा थर अखंड धरतो. नायट्रिक आम्लाशिवाय हे होत नाही, असे अनेकांना वाटते. घरात नायट्रिक आम्ल आणण्याचे धाडस मुळीच करू नये, आणि त्याची गरजही नाही. अमेरिकेतल्या ए ९६७ या मानकात लिंबूसत्त्वाची, म्हणजे सायट्रिक आम्लाची, रीतसर पद्धत दिली आहे: वजनाने ४ ते १० टक्के द्रावण, तापमान साधारण ६० ते ७० अंश, आणि किमान ४ मिनिटे. कोमट पाण्यात हेच काम २० मिनिटे घेते. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक आम्ल आणि एक थर्मामीटर, एवढ्यावर हे घरी होते. त्याआधी तेलाचा आणि साखरेचा अंश पूर्ण काढलेला हवा, तेलकट जागी आम्ल पोचत नाही. नंतर धुऊन हवेवर वाळवा. थर हवेत लगेच धरू लागतो आणि पुढे सावकाश पक्का होत जातो.

खोल खड्डा पडला असेल तर आम्लाने तो भरून येत नाही. तशा भांड्यात मॉल्ट भिजवावे, पाणी तापवावे, पण बिअर आंबवू नये.

गैरसमज: नवे भांडे खोक्यातून काढले की वापरायला तयार

पांढऱ्या कापसावर थोडे खायचे तेल घ्या आणि नव्या पातेल्याच्या आतून, विशेषतः बुडाच्या कोपऱ्यातून आणि वेल्डच्या कडेने, दाबून फिरवा. कापूस काळा होतो. पॉलिश करताना वापरलेल्या मसाल्याचा हा अवशेष. नुसत्या साबणाच्या पाण्याने तो हटत नाही. कापूस पांढरा निघेपर्यंत तेलाने पुसायचे, मग गरम पाणी आणि सोड्याच्या क्लीनरने तेल काढायचे, आणि शेवटी वर सांगितलेले सायट्रिकचे पाणी. एका दुपारचे काम आहे आणि भांड्याच्या आयुष्यात ते एकदाच करायचे आहे.

गैरसमज: सॅनिटायझर मारला की भांडे स्वच्छ

स्वच्छ करणे आणि जंतू मारणे ही दोन कामे आहेत, आणि क्रम बदलता येत नाही. घाणीच्या थराखाली दडलेल्या जंतूपर्यंत सॅनिटायझर पोचतच नाही. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे बिअर आंबट करणारे जंतू पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात. गुळगुळीत स्टीलवरही हा थर धरतो, प्लास्टिकपेक्षा तो निघतो मात्र सहज. स्टीलचा मोठा फायदा तोच.

स्वच्छ करायला सोडियम परकार्बोनेट आणि सिलिकेट असलेले अल्कलीचे क्लीनर वापरावे. अमेरिकेत पीबीडब्ल्यू नावाने ते मिळते. लिटरला साधारण ८ ते १५ ग्रॅम, पाणी ५० ते ६० अंश, आणि अर्धा-एक तास भिजत. परकार्बोनेट पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा यांत फुटते, वाळलेला फेस आणि यीस्टचा कडक थर आपसूक सुटतो. हे द्रावण केगमध्ये घट्ट बंद करून ठेवू नका, त्यातून वायू सुटून दाब वाढतो. रात्रभरही ठेवू नका. पाणी जड असेल तर सकाळी भांड्यावर पांढुरका थर बसलेला दिसेल. तो चुन्याचा असतो आणि व्हिनेगर किंवा सायट्रिकने जातो.

सोड्याने न जाणारा एक थर मात्र वेगळा. त्याला बिअरस्टोन म्हणतात. मॉल्टमधले ऑक्झॅलिक आम्ल आणि पाण्यातले कॅल्शियम एकत्र येऊन कॅल्शियम ऑक्झॅलेट बनते, त्यात प्रथिने अडकतात, आणि बॅचमागून बॅच हा पापुद्रा चढत जातो. ओल्या भांड्यात तो दिसत नाही. भांडे पूर्ण वाळवा, विजेरी कडेने मारा. चकाकत्या भिंतीवर कुठे मळकट पिवळसर, निस्तेज पट्टा दिसला आणि त्यावर बोट फिरवल्यावर किंचित खरखर लागली, तर तो बिअरस्टोन. त्याच्या खाचाखोचांत जंतू सुखाने राहतात. अल्कलीने तो विरघळत नाही, लिंबाने फारसा हलत नाही, आणि गंजावर गुणकारी असलेले ऑक्झॅलिक आम्लही त्याला विरघळवत नाही, कारण तो स्वतःच ऑक्झॅलेट आहे. त्याला फॉस्फोरिक आम्लाचे क्लीनर लागते. दर चार-सहा बॅचनंतर एकदा आम्लाचा हात दिला तर थर साचतच नाही.

आणि आता ती जागा, जिथे सगळी सफाई फसते: पातेल्याची तोटी. बॉल व्हॉल्व्ह उघडा असताना त्याच्यातून पाणी जोरात जाते, म्हणून आत सगळे धुतले गेले असे वाटते. तीन तुकड्यांचा व्हॉल्व्ह असेल तर त्याचे बोल्ट काढा आणि मधला भाग बाहेर ओढा. भोक असलेला स्टीलचा गोळा, त्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या टेफ्लॉनच्या चकत्या, आणि गोळा व बाहेरचे अंग यांच्यामध्ये बोटाचे पेरही पोचणार नाही अशी पोकळी. तोटी फिरवताना गोळा अर्ध्या वाटेवर असतो तेव्हा गोड वर्ट, म्हणजे मॉल्टचे उकळलेले पाणी, या पोकळीत शिरते, आणि बंद झाली की तिथेच अडकते. काही बॅच न उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये तपकिरी चिकट गोळा सापडतो, त्यात हॉप्सचे हिरवट तुकडे, आणि वास ताकाच्या भांड्यासारखा आंबूस. पातेल्यात तासभर उकळी फुटलेली असली तरी भिंतीबाहेरच्या या तोटीत तेवढे तापमान पोचेलच याची खात्री नसते. वर्ट थंड झाल्यावर याच तोटीतून फर्मेंटरमध्ये जाते. तोटी दर बॅचला सुटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उघडता न येणाऱ्या दोन तुकड्यांच्या व्हॉल्व्हपेक्षा तीन तुकड्यांच्या व्हॉल्व्हला थोडे जास्त पैसे मोजलेले बरे. रबर आणि टेफ्लॉन काढून उरलेले निव्वळ स्टीलचे सुटे भाग ओव्हनमध्ये १७० अंशांवर तासभर ठेवले तर पूर्ण निर्जंतुक होतात.

गैरसमज: सॅनिटायझरचा फेस धुवून टाकला पाहिजे

स्टार सॅनसारखी सॅनिटायझर फॉस्फोरिक आम्ल आणि एका फेसाळ आम्लधर्मी घटकाची असतात. लिटरला साधारण दीड मिलिलिटर इतक्या मात्रेत पृष्ठभाग एक-दोन मिनिटे ओला राहिला की काम होते. उरलेला फेस बिअरमध्ये गेला तरी चालतो. तो नळाच्या पाण्याने धुतला तर त्या पाण्यातले जंतू पुन्हा आत येतात. मात्र मापापेक्षा दुप्पट-तिप्पट घालून 'अधिक सुरक्षित' होत नाही, आणि मग तो न धुता वापरण्याजोगाही राहत नाही. बाटलीत साठवलेल्या द्रावणाचा पीएच तीनच्या खाली आहे ना, हे पट्टीने पाहून घ्या.

गैरसमज: चुंबक चिकटला तर स्टील खोटे

बोहारणीपासून भांड्याच्या दुकानापर्यंत ही कसोटी चालत आली आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, हे ढोबळमानाने खरे. पण पत्रा दाबून, ओढून पातेले घडवताना त्याच्या आतल्या रचनेचा काही भाग बदलतो आणि कोपऱ्यांशी, काठांशी तो किंचित चुंबकीय होतो. उलट ४३० जातीला चुंबक घट्ट चिकटतो आणि तीही अस्सल स्टेनलेसच आहे. तिच्यात निकेल नसते, आणि क्लोराइडपुढे ती ३०४ पेक्षा थोडी दुबळी. इंडक्शनवर चालणाऱ्या पातेल्याच्या बुडाला खालून चुंबक चिकटतो तो अशाच थरामुळे. चुंबकाने जात थोडीफार कळते, गंजणार की नाही हे कळत नाही.

गैरसमज: भांड्यावर निळे-जांभळे रंग चढले, म्हणजे ते बिघडले

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच रंगात दिसतात. पातेल्याच्या बुडाला इंद्रधनुष्यासारखी झाक आली असेल तर उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रकाश त्या थरातून परावर्तित होताना रंग दिसतात. बिअरला अपाय नाही. सायट्रिक किंवा ऑक्झॅलिकने तो पुसता येतो आणि नाही पुसला तरी चालतो.

वेल्डच्या शेजारी दिसणारा रंग मात्र मनावर घ्यायचा. वितळण्याच्या तापमानाला हवा लागली की क्रोमियम वरच्या ऑक्साइडमध्ये ओढले जाते आणि त्याच्या खालच्या कातडीत ते कमी पडते. फिकट गवती रंग असेल तर फारसे बिघडलेले नसते. गडद निळा किंवा काळा असेल तर गंज सुरू व्हायला तीच जागा पुरते. चांगला कारागीर वेल्ड करताना मागच्या बाजूने आर्गॉन वायू सोडतो, त्यामुळे आतला सांधा चकचकीत राहतो. तसे केले नाही तर सांध्याच्या आतल्या बाजूला करड्या, दाणेदार, जळक्या साखरेसारख्या गुठळ्या होतात. कुठल्याही क्लीनरने त्या साफ होत नाहीत. फर्मेंटर घेताना आत हात घालून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. बाहेरची चकाकी नंतर पाहिली तरी चालेल.

गैरसमज: स्टीलला वास लागतो

जुने केग घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. घरी वापरले जाणारे एकोणीस लिटरचे केग मुळात शीतपेयांच्या कंपन्यांसाठी बनले होते, आणि रूट बिअरचा वास कितीही धुतले तरी येत राहतो. वास स्टीलमध्ये नसतो. तो रबराच्या रिंगांमध्ये मुरलेला असतो: झाकणाची मोठी रिंग, दोन्ही पोस्टच्या, म्हणजे नळ्या जोडायच्या तोंडांच्या, रिंगा आणि नळ्यांच्या गळ्यातल्या दोन छोट्या रिंगा. संपूर्ण संच अगदी थोडक्या पैशांत मिळतो. तो बदला, वास जातो. त्याच वेळी लांब नळी बाहेर काढून आतून लांब ब्रश फिरवा.

गैरसमज: औषध जितके कडक तितके चांगले

मोठ्या ब्रुअरीत कॉस्टिक सोडा वापरतात, म्हणून घरीही आणायचा, हे नको. तो डोळ्याला आणि कातडीला भयंकर आहे, ॲल्युमिनियमचा सुटा भाग असेल तर खाऊन टाकतो. शिवाय टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असताना कॉस्टिक फवारला तर तो सगळा वायू शोषून घेतो, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने टाकी आत चेपते. मोठ्या टाक्या अशा चेपून निकामी झालेल्या आहेत. गरम पाणी भरून झाकण घट्ट लावलेला घरचा फर्मेंटर थंड होतानाही आत ओढला जातो, म्हणून निवेपर्यंत त्याची एखादी तोटी उघडी ठेवावी.

गैरसमज: पुढच्या वेळेपर्यंत सॅनिटायझर भरून बंद करून ठेवावे

यामागची काळजी कळते. भांडे निर्जंतुक केले आहे, ते तसेच राहावे. पण महिनाभर आम्लाच्या पाण्यात रबर बिघडू शकते, झाकणाखालच्या खाचेत ओल अडकते, आणि नेमक्या त्याच फटीत हवा पोचत नाही. पाण्यात क्लोराइड थोडे जास्त असेल तर तिथेच बारीक खड्ड्यांची सुरुवात होते.

काम संपल्यावर भांडे लगेच धुवावे, वाळलेली घाण दुप्पट वेळ खाते. तोट्या, झाकणे आणि रिंगा काढून वेगळ्या फडक्यावर पसराव्यात. केग आणि फर्मेंटर उपडे करून तळाशी हवा खेळेल असे, दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवावेत. आतून पुरते वाळल्यावर सरळ करून तोंडावर स्वच्छ कापड बांधावे. झाकण घट्ट लावायचे नाही. लोखंडी अवजारांच्या फळीवर किंवा ग्राइंडरच्या जवळ तर मुळीच ठेवू नये. बिअर बनवण्याच्या दिवशी सॅनिटायझर नव्याने लावायचा आहेच. तोवर भांडे निर्जंतुक असण्याची गरज नाही, कोरडे आणि हवेवर असले की पुरे.